विचारायचं कुणी

एफ्रेमचे कान गेले आहेत हे हार्थगिलच्या सभेत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते त्याला सांगायचं कुणी, यावर दोन वर्षं कुणीच काही बोललं नव्हतं. आम्ही क्वेकर, म्हणजे पाद्रीशिवाय, गप्प बसून प्रार्थना करणारे ख्रिस्ती; गप्प बसण्यात पटाईत. एफ्रेम आमचा चिटणीस, आणि चिटणिसाचं मुख्य काम म्हणजे ऐकणं. आमच्या सभेत मतं मोजत नाहीत. कोण काय बोललं, कोण बोलता बोलता थांबलं, ते ऐकून चिटणिसाने तिथल्या तिथे ठराव लिहायचा आणि वाचून दाखवायचा. एफ्रेम गेली दोन वर्षं लोकांचे चेहरे बघून ठराव लिहीत होता, आणि खरं सांगायचं तर ते पूर्वीपेक्षा बरे होत होते.

पण मुदत म्हणजे मुदत. डिसेंबरअखेर त्याची दुसरी मुदत संपत होती, तिसरी देत नाहीत. नवा चिटणीस मिळाला नाही, तर केंडल शहरातली आमच्या वरची मोठी सभा आमच्या दाराला कुलूप लावणार हेही उघड होतं. अकरा माणसांची सभा, त्यातली निम्मी काठी टेकत येणारी. कुणाच्या गळ्यात घालणार?

म्हणून नोव्हेंबरातल्या एका दुपारी टॅबिथाच्या स्वयंपाकघरात नेमणूक समिती बसली. समिती म्हणजे तिघंच. टॅबिथा हेगार्थ, एफ्रेमची थोरली बहीण, लग्न न केलेली, सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. लोइस, एफ्रेमची बायको. आणि विल्फ मेटकाफ, निवृत्त पोस्टमन. हा एका सकाळी टपाल द्यायला सभेत आला आणि मागच्या बाकावर बसला तो कायमचाच. आमच्यात साहेब-बाई कुणी म्हणत नाही, सगळे नावानेच. पण विल्फच्या तोंडातलं 'मिस हेगार्थ' काही सुटलं नाही.

आमच्यात कुणी स्वतःचं नाव पुढे करत नाही. हात वर करणं, 'मला द्या' म्हणणं, हे आमच्यात फार वाईट दिसतं. समितीने डोळे मिटून बसायचं आणि नाव आतून वर येईपर्यंत वाट बघायची. तिघं तशी बसली. लोइसला गप्प बसवत नाही, हा तिचा जन्माचा रोग.

"ज्युडिथ," ती म्हणाली. "सायलसची मुलगी. शिकलेली आहे, तरुण आहे, आणि हेगार्थ आहे."

"ती केंडलला राहते," टॅबिथा डोळे न उघडता म्हणाली. "बर्फात घाट चढून यायचा तिने?"

"मग गाडी कशाला घेतलीय? शोभेला?"

विल्फने घसा खाकरला. "माझ्या मनात एक नाव आलंय. मघापासून घालवतोय, जात नाही."

"मग बोल की बाबा. त्याला काय तिकीट लावून देऊ?" लोइस म्हणाली.

"ओल्वेन."

टॅबिथाने डोळे उघडले. ओल्वेन म्हणजे तिची भावजय, सायलसची बायको, ज्युडिथची आई. वेल्सच्या कोळसाखाणीकडची. युद्ध संपल्यावर सायलस तिकडे कामाला गेला आणि हिला घेऊन आला. सायलसला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. शेगडीशेजारच्या बाकावर ती दर रविवारी बसायची. शेगडी पेटवायची तीच, चहा करायची तीच, मेलेल्या माश्या खिडकीतून झाडायची तीच. नेमलं मात्र तिला कुणी कधी कशालाच नव्हतं, टेबलावर फुलं ठेवायलासुद्धा नाही.

"नीट ऐकते," विल्फ बोटं मोजत म्हणाला. "अक्षर सुरेख. एक रविवार चुकवत नाही. आणि तुमच्या घरातल्या भांडणात कुणाच्याच बाजूची नाही, मिस हेगार्थ, माफ करा."

"चिटणीस सभासद लागतो," लोइस म्हणाली.

"मग?"

"ओल्वेन सभासद नाही."

विल्फ हसला. मग दोघींकडे बघून त्याचं हसू मावळलं. "काय सांगता! मी सभासद झालो त्या दिवशी मला चहा तिनेच दिला. म्हणाली, ये, आपल्यात ये. आणि ती स्वतः आपल्यात नाही?"

"अर्ज कधी केला नाही तिने."

"आणि तुम्ही कुणी विचारलं नाही?"

"विचारायचं नसतं, विल्फ," टॅबिथा म्हणाली. "ज्याचा त्याचा आतला उजेड असतो. बाही धरून ओढायचं नसतं कुणाला. ती तयार झाली की आपणहून येईल, असं आम्ही..."

"तीस वर्षं?"

टॅबिथाने हे मोजलं नव्हतं असं नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिला वाटलं होतं, आता करेल अर्ज. ज्युडिथ झाली तेव्हा वाटलं होतं. पुढे वाटायचंच बंद झालं. घरातलं बिघडलेलं घड्याळ दुरुस्त करायचं राहून जावं तसं ते राहून गेलं होतं.

"मग आज जातो आणि विचारतो," विल्फ टोपी उचलत म्हणाला.

"आज?" लोइस कडाडली. "वा! इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नाही आणि आता खुर्ची रिकामी पडायला लागली तेव्हा दार वाजवायचं? तिला काय वाटेल? गरज पडली तेव्हा आठवण झाली, हेच ना?"

"लोइस बरोबर बोलतेय," टॅबिथा म्हणाली.

लोइस चमकली. टॅबिथाने तिला बरोबर म्हटल्याला किती वर्षं झाली ते तिला आठवेना. आणि तिला जरा लाजही वाटली, कारण तिच्या मनातलं कारण वेगळंच होतं. अर्ज करायचा, मग दोघांनी घरी भेटायला जायचं, मग केंडलला ठराव, यात उन्हाळा उजाडणार. तोवर चिटणीस कोण? मुदत संपली तरी एफ्रेमच. आणि लोइसला या हिवाळ्यानंतर कार्लाइलला मुलाजवळ जायचं होतं. एफ्रेम त्या खुर्चीतून उठल्याशिवाय गावातून हलणार नव्हता.

"ज्युडिथला मी फोन करते," ती म्हणाली.

विल्फने टोपी पुन्हा मांडीवर ठेवली. दोन बायका एकीकडे आणि तो एकटा. आमच्यात मतं मोजत नाहीत म्हणतात, पण मोजता येतात.

*

शनिवारी ज्युडिथ आली ती दारातूनच बोलत आली. ओल्वेन उद्याच्या सूपसाठी लीक, कांद्याच्या पातीसारखी जाड भाजी, चिरत बसली होती. आठवड्यात या घरात कुणाचा आवाज झाला तर तो रेडिओचा, नाहीतर कुरणात मेंढ्या आणणाऱ्या भाडेकरूच्या कुत्र्याचा. म्हणून ज्युडिथ आली की ओल्वेन आधी थोडा वेळ नुसतीच ऐकायची; शब्द नंतर.

"...आणि लोइस काकू फोनवर म्हणते, तू हो म्हणाल्यातच जमा आहे. मी विचार करते म्हटलं फक्त! आई, ऐकतेयस का?"

"ऐकतेय. कोट काढ."

"मला दर आठवड्याला घाट चढायला लावणार आणि तू इथे शेगडीजवळ बसलेली. तुला कसं नाही विचारत? तुला कधी म्हणजे कधीच काही दिलेलं नाही त्यांनी. माझ्या लक्षातच नव्हतं आलं. फोन ठेवला आणि एकदम आलं."

"मला देता येत नाही."

"का? तू काय..."

"मी सभासद नाही, ज्युडिथ."

ज्युडिथचा एक हात कोटाच्या बाहीतच राहिला. "काहीतरीच काय!"

"खरंच."

"पण तू कायम तिथेच असतेस!"

"असते. आणि दर महिन्याला ठरावाच्या सभेत तुझा एफ्रेम काका आधी काय म्हणतो? 'जे सभासद नाहीत त्यांनीही बसावं, चिटणिसाची परवानगी आहे.'"

"ते पाहुण्यांसाठी असतं ना?"

"पाहुणे कधी आले गं हार्थगिलला?"

ज्युडिथ मटकन खुर्चीवर बसली. तिला ते वाक्य लहानपणापासून पाठ होतं. ते एकाच माणसासाठी होतं, आणि ते माणूस तिला मांडीवर घेऊन ते ऐकत होतं, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"तू अर्ज का नाही केलास?"

ओल्वेन चिरत राहिली. "आमच्याकडे चॅपेलमध्ये असं नव्हतं. पाद्री घरी यायचा. आई चांगल्या कपातून चहा द्यायची. तो नाव घेऊन विचारायचा, येतेस का आमच्यात. मग आपण हो म्हणायचं. न विचारता कुणाच्या पंगतीत जाऊन बसायचं नाही, असं वळण. इथे आले आणि वाट बघत बसले. तुझे बाबा म्हणायचे, तुला वाटेल तेव्हा. मला एक्कावन्न सालीच वाटलं होतं."

"मग त्यांना सांगायचंस ना!"

"सांगितलं. म्हणाले, मग घाई काय आहे, आणखी थोडं वाट बघ, पक्कं होऊ दे. चांगला माणूस होता तुझा बाप. इतका चांगला की कुणालाच धक्का लावायचा नाही." तिने सुरी खाली ठेवली. "एकदा विचारलं असतं कुणी, तर बस होतं मला. चिटणीस वगैरे नको होतं काही. नुसतं विचारायला हवं होतं."

"मी टॅबिथा आत्याकडे जाते. आत्ता."

"अजिबात नाही." ओल्वेनचा आवाज चढला, तसा फार क्वचित चढायचा. "तू जाऊन सांगितलंस, मग ती आली, तर ते विचारणं झालं का? ते तू मागितलंस आणि तिने दिलं, असं होईल. वचन दे मला. एक अक्षर बोलायचं नाही."

ज्युडिथने वचन दिलं, आणि रागाने सगळे लीक स्वतः चिरून टाकले, फार जाडे.

*

रविवारी प्रार्थनेचा तास नेहमीसारखा गेला. कुणी काही बोललं नाही, छपरावर पाऊस तेवढा बोलला. मग एफ्रेम टेबलामागे जाऊन बसला आणि ठरावाची सभा सुरू झाली.

एफ्रेमने आज मनाशी एक ठरवून ठेवलं होतं आणि ते कुणालाच सांगितलं नव्हतं. कान गेल्यापासून तो चेहरे वाचायला शिकला होता, आणि चेहरे वाचायला लागल्यावर त्याला दिसलं होतं, की ते परवानगीचं वाक्य म्हटलं की ओल्वेन आपल्या हातांकडे बघते. दर महिन्याला. इतकी वर्षं त्याला ऐकू येत होतं तेव्हा हे दिसलं नव्हतं. बिचारी, त्याच्या मनात आलं. घरचं माणूस आहे, तिला कसली परवानगी? आज ते वाक्य गाळायचं. शेवटच्या दिवसांत निदान एवढं तरी करू.

त्याने चष्मा लावला, सगळ्यांकडे प्रेमाने पाहिलं आणि थेट पहिल्या विषयाला हात घातला.

"एफ्रेम!" लोइस म्हणाली. त्याला ऐकू जावं म्हणून ती घरी ओरडते तशीच ओरडली. "ते वाक्य राहिलं! सभासद नसलेल्यांचं!"

एफ्रेमने कानामागे हात नेला. त्याला काही समजलं नाही. त्याला एवढंच दिसलं, की सगळ्यांची तोंडं शेगडीकडे वळली.

ओल्वेन उठली. चिटणिसाने परवानगी दिली तर बसायचं, नाही दिली तर उठायचं. नियम तिला आमच्यापेक्षा पाठ होता. आज दिली नाही. का दिली नाही ते तिने विचारलं नाही, ती विचारणाऱ्यांतली नव्हतीच. तिने स्कर्ट सारखा केला, "मी सूप बघते" असं कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली, आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली. दार लावताना आवाज होऊ नये म्हणून तिने कडी हाताने धरून सोडली.

लोइसचं तोंड उघडं राहिलं. तिला नियम पाळायचा होता, माणूस घालवायचं नव्हतं. "अगं, मी तसं नव्हतं..." ती पुटपुटली, पण ऐकणारीच निघून गेली होती. ज्युडिथ अर्धी उठली आणि पुन्हा बसली. वचन दिलेलं होतं.

एफ्रेमला वाटलं, सूप लागलं असेल.

नेमणुकांचा विषय आला. टॅबिथा उभी राहिली. "समितीने चिटणीसपदासाठी ज्युडिथ हेगार्थचं नाव आणलं आहे," ती म्हणाली आणि खाली बसली. मग आमच्या रीतीप्रमाणे सगळे गप्प.

ज्युडिथ उठली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. "हे नाव माझ्याकडे आलं, मी रात्रभर त्याच्याशेजारी बसून पाहिलं. ते माझं नाही. मी घेणार नाही."

"मग कुणाचं?" लोइस म्हणाली. मध्ये शांतता सोडायची असते, तीही तिने सोडली नाही.

"तेवढं मी बोलणार नाही."

विल्फ टॅबिथाकडे बघत राहिला. हिने तोंड उघडावं, एकच शब्द बोलावा, असं तो मनात म्हणत होता. टॅबिथाला ते न बघताही कळत होतं. शब्द तिच्या जिभेवर होता. पण आत्ता तो उच्चारणं म्हणजे बुडत्या होडीतून हाक मारणं. सभा वाचवायला हाक मारली असंच ओल्वेन जन्मभर समजणार, आणि ते खोटंही नसणार. सत्तर वर्षं टॅबिथा खरं बोलायला शिकली होती, आणि खरं बोलायची भीती वाटली की गप्प बसायला. आज यातलं कोणतं चाललंय, तिचं तिलाच कळेना.

समोर शेगडीजवळची जागा रिकामी होती. बाकं समोरासमोर, म्हणून टॅबिथाला तीच दिसत होती.

एफ्रेमने चेहरे पाहिले, एकामागून एक. मग लेखणी उचलली आणि बराच वेळ लिहिलं. "आपल्याला चिटणीस मिळालेला नाही," त्याने वाचून दाखवलं. "वसंत ऋतूनंतर हार्थगिलची सभा चालवणं आपल्याला शक्य नाही, असं केंडलला कळवावं." त्याचा आवाज शेवटी फाटला. आमचे लोक अशा वेळी हो म्हणत नाहीत, 'असंच असावं' म्हणतात. तसं सगळे म्हणाले, हळू आवाजात, एकेक करून.

लोइसला जे हवं होतं ते मिळालं होतं. ती रडत होती.

*

टॅबिथा स्वयंपाकघरात आली तेव्हा ओल्वेन पाठमोरी उभी होती. वाडगी मांडून ठेवलेली, पाव कापून ठेवलेला.

"झालं?" ओल्वेनने न वळता विचारलं.

"झालं. बंद करतोय आपण."

"ज्युडिथ नाही म्हणाली ना? मी शिकवलं नाही तिला, टॅबिथा. तुला वाटेल."

"मला तसं वाटलं नाही."

टॅबिथा वाडग्यांशी उगाच चाळा करत राहिली, एकात एक घातली, पुन्हा काढली. आयुष्यात तिने कुणाची बाही ओढली नव्हती. ते कसं करतात हेच तिला ठाऊक नव्हतं.

"ओल्वेन, आता आम्हाला तुझ्याकडून काही नकोय. मागायला काही उरलंच नाही. म्हणून आता विचारते. सभासद होशील?"

ओल्वेनचा हात थांबला. डावातलं सूप परत भांड्यात सांडलं. ती सावकाश वळली.

"कशाची? आत्ताच बंद करून आलीस ना?"

"कागदावर केंडलची. पण मी कागदाचं विचारत नाहीये. आमच्यात येशील का, ते विचारतेय."

"आज!" ओल्वेन म्हणाली. "आज विचारतेस? एक्कावन्न साली विचारायचंस. ज्युडिथला रविवारी न्हाऊ घालताना मी म्हणायचे, आज विचारतील, आज नक्की कुणीतरी विचारेल. घरी जाताना सायलस विचारायचा, गप्प का? मी म्हणायचे, काही नाही. त्याला पुरलंत तेव्हा सगळ्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता तरी. मग तुम्ही सगळे गाड्यांत बसून गेलात आणि मी कपबशा धुतल्या. कुठे होतीस तू इतकी वर्षं?"

"तुझ्या समोर," टॅबिथा म्हणाली.

"काय?"

"समोरच्या बाकावर. दर रविवारी. मला दिसत होतं, ओल्वेन. तू वाट बघतेयस हे मला दिसत होतं. मी म्हणायचे, घाई करू नये, तिचं तिला उमजू दे. पहिली काही वर्षं खरंच तसं वाटायचं. पुढे नुसती सवय झाली. माझं चुकलं. फार चुकलं."

कुणाला दिसलंच नसेल, अशी ओल्वेनने इतकी वर्षं समजूत घातली होती. दिसत होतं, हे त्याहून वाईट होतं. आणि तरी, कुणाला तरी दिसत होतं.

तेवढ्यात एफ्रेम दार ढकलून आत आला. "ओल्वेन!" तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "तू गेलीस कशाला उठून? ते वाक्य मी मुद्दाम गाळलं! तुला वाईट वाटतं म्हणून! तुला कशाला हवीय परवानगी?"

दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग ओल्वेनला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू आलं, आणि ते काही थांबेना. तिने डोळ्यांना ॲप्रन लावला. एफ्रेम घाबरला. "काय झालं? मी काय केलं?"

"काही नाही," टॅबिथा त्याच्या कानाशी ओरडली. "वाडगी घेऊन जा!"

तो वाडगी घेऊन गेला. ओल्वेनने नाक पुसलं.

"देवा रे, तुम्ही माणसं!" ती म्हणाली. "तुमच्या चांगुलपणापायी मरायची वेळ येते एखाद्यावर."

"हो."

"आता वसंतापर्यंत सभा. त्यानंतर कुठे बसायचं आपण?"

"मला माहीत नाही. लोइस एफ्रेमला कार्लाइलला नेईल. मी इथेच आहे. घरात एकटीच बसते मी रविवारची संध्याकाळ. तूही बसतेस." टॅबिथा थांबली. एवढं ती स्वतःबद्दल कधी बोलली नव्हती. "तू नाही म्हणालीस तरी मला राग नाही."

ओल्वेनने सूप ढवळलं. भांड्याच्या तळाशी लागलं होतं, थोडंसंच.

"हो," ती म्हणाली.

"हो?"

"होते सभासद. कितीदा म्हणायला लावतेस?"

टॅबिथाने मान हलवली. तिला आणखी काहीतरी करायला हवं असं वाटलं आणि काय ते सुचलं नाही. "दोघं घरी येतील भेटायला," ती म्हणाली. "रीत आहे. विल्फ येईल. आणि लोइस."

"लोइस नको."

"बरं. मग मी येते."

"तू ये."

दोघींनी सूप बाहेर नेलं. जेवताना लीक जाड चिरले गेलेत असं विल्फ म्हणाला, आणि ज्युडिथने त्याच्याकडे रागाने पाहिलं. ओल्वेन तिच्या नेहमीच्या जागी बसली. लोइसने तिच्याजवळ पावाचं ताट सरकवलं, मग पुन्हा एकदा सरकवलं. ते ओल्वेनने घेतलं.

ज्युडिथने तिला घरापर्यंत सोडलं. उद्या तिला शाळेत शिकवायला जायचं होतं, घाटात धुकं उतरत होतं, म्हणून ती आत आली नाही. गाडीत ओल्वेन तिला काही बोलली नव्हती. सांगायचं होतं, पण पहिल्यांदा तिला सांगायचं नव्हतं. गाडीचे दिवे वळणावर गेले तशी ती आत आली. अजून पुरता अंधार पडला नव्हता. तिने ओले बूट काढले, कोट खुंटीला लावला आणि जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून हाक मारली.

"सायलस! त्यांनी मला विचारलं!"

वर कुणी नव्हतं. ते तिला ठाऊक होतं, आणि तरी ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग तिने तेच पुन्हा एकदा सांगितलं, हळू आवाजात, टॅबिथाने विचारलं म्हणून, मी हो म्हटलं म्हणून, आणि मग चूल पेटवायला गेली.